शिवराक चतुर्थी आणि सुजलेला अंगठा

९ सप्टेंबर २०२४, चतुर्थीचा तिसरा दिवस. दीड दिवसाचे गणपती आदल्या संध्याकाळी पोचवून झाले होते, म्हणून डिचोलीतला दवाखाना मी सकाळी दोन तास उघडला होता. साडेनऊच्या सुमाराला एक गाडी दाराशी थांबली. मागच्या सीटवरून एका गृहस्थांना मुलाने आणि पुतण्याने काखेत हात घालून खाली उतरवलं. उजवा पाय अधांतरी. "डॉक्टर, पांय सकयल दवरूंक जायना," पाय खाली टेकवता येत नाही, एवढंच ते बोलले आणि टेबलावर आडवे झाले.

मी त्यांना भाई म्हणते, इथेही तेच म्हणेन. हे प्रकरण त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ५३, बाजारात हार्डवेअरचं दुकान, मूळ घर पेडण्यात आगरवाड्याच्या बाजूला, घरचा गणपती पाच दिवसांचा.

अंगठ्याचं मूळ सुजून लालजांभळं झालं होतं, कातडी ताणून चकाकत होती. पंख्याच्या वाऱ्याने पंच्याचं टोक उडून अंगठ्याला लागलं तसे भाई कळवळले. मी पंखा बंद केला. रात्री दोनला ठणक्याने जाग आली आणि पहाटेपर्यंत पायावर चादरसुद्धा सोसवेना, असं मुलाने सांगितलं.

वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. "श्रावणभर घरात नुस्त्याचा (मासळीचा) वास नाही. चतुर्थीचे पाच दिवस तर शिवराकच (शाकाहारीच). मग हे आलं कुठून?" मग स्वतःच म्हणाल्या, "मी काल मुगागाठी (मोडाच्या मुगांची भाजी) केल्या, त्याच भोवल्या." गेली दोन वर्षं त्यांनी घरात डाळ, पालक आणि टोमॅटो जवळजवळ बंद केले होते. एका शाकाहारी सणात, महिन्याभराच्या शाकाहारी श्रावणानंतर गाउटचा (युरिक अ‍ॅसिड साचून सांधा सुजण्याच्या आजाराचा) एवढा जोराचा झटका का यावा, हा त्यांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. त्याचं उत्तर शोधताना माझ्याही दोन चुका सापडल्या, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मागचं सगळं

पहिला झटका २०२१च्या शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात. तेव्हा फार्मसीतून वेदनाशामक गोळ्या आणून चार दिवसांत पाय बरा झाला. मग वर्षाला दोन-तीनदा: एकदा लग्नाच्या मोसमात, एकदा नाताळच्या सुट्टीत, एकदा पावसात. २०२३मध्ये ते माझ्याकडे आले. युरिक अ‍ॅसिड ८.८ मिलिग्रॅम. मी अ‍ॅलोप्युरिनॉल ही युरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी १०० मिलिग्रॅम रोज सुरू केली आणि काय खाऊ नये याची छापील यादी हातात दिली. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला ७.१. लॅबच्या कागदावर पुरुषांसाठी ३.५ ते ७.२ अशी मर्यादा छापलेली होती, म्हणून आकड्यापुढे चांदणी नव्हती. भाईंना वाटलं उतरलं. मीही गोळी तेवढीच ठेवली. ही पहिली चूक.

दुसरी बीपीच्या गोळीची. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी जोडगोळी त्यांना पूर्वीपासून चालू होती आणि मी ती तशीच लिहून देत आले. यातलं दुसरं औषध लघवी वाढवतं, पण मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडणं कमी करतं. गाउटच्या माणसाला ते शक्य तिथे टाळायचं असतं, हे मला ठाऊक असायलाच हवं होतं. ठाऊक होतंही. चिठ्ठी दर महिन्याला पुढे सरकत राहिली आणि मी तिच्याकडे नव्याने पाहिलं नाही.

त्या सकाळी मला आधी वेगळीच धास्ती वाटली. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचं) सामान आणायला भाई रानात अनवाणी फिरले होते आणि तळपायाला ओरखडे होते. लाल, गरम, सुजलेला सांधा म्हटला की जंतुसंसर्ग विसरून चालत नाही. सांध्यात पू झाला तर तो काही दिवसांत सांधा खाऊन टाकतो. ताप फक्त ९९.२ होता, सांध्याजवळ जखम नव्हती, मधुमेह नव्हता, दुखणं काही तासांत शिगेला पोचलं होतं आणि याआधी हाच अंगठा असाच चार-पाचदा सुजून आपोआप बरा झाला होता. यातलं काही वेगळं असतं, तर मी त्यांना सांध्यातलं पाणी काढून तपासायला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवलं असतं. ती तपासणीच खरी खात्रीची. सूक्ष्मदर्शकाखाली युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे, सुईसारखे स्फटिक दिसतात.

पायावरून मान वर केली तेव्हा त्यांच्या उजव्या कानाकडे लक्ष गेलं. कानाच्या वरच्या कडेला मिरीच्या दाण्याएवढी पांढुरकी गाठ. बोटाला टणक, दाबून दुखत नव्हती. "हा? दाढी करताना लागतो कधीकधी. वर्षभर तरी असेल." ती युरेटचीच गाठ होती, टोफस. म्हणजे युरिक अ‍ॅसिड गेली काही वर्षं शरीरात साचत होतं आणि झटक्यांच्या मधल्या 'बऱ्या' महिन्यांतही त्याचं साचणं थांबलेलं नव्हतं.

त्या दिवशीचं युरिक अ‍ॅसिड ६.९ आलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३, बीपी १५६/९४, वजन ८४ किलो. ६.९ बघून मुलगा म्हणाला, "हे तर नॉर्मलमध्ये आहे, मग गाउट कसा?" ऐन झटक्यात हा आकडा बऱ्याचदा खाली दिसतो. तीन आठवड्यांनी तीच तपासणी केली तेव्हा ९.१ निघाला.

चार दिवसांची विचारपूस

झटक्याची सूज उतरवणाऱ्या कोलचिसिनची पहिली मात्रा देऊन, पायावर बर्फाची पिशवी ठेवून मी भाईंना दिवसवार विचारत गेले. श्रावण लागला त्या दिवशी, ५ ऑगस्टला, त्यांनी अ‍ॅलोप्युरिनॉल बंद केलं होतं. "नुस्तंच खात नाही तर गोळी कशाला?" हा त्यांचा हिशेब. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायच्या धावपळीत सकाळच्या चहानंतर थेट रात्रीच जेवले, पाणीही फारसं नाही. चतुर्थीच्या दोन्ही रात्री वाड्यावर घुमट आरत्या. भाई घुमट (मडक्याचं वाद्य) वाजवतात. दहा-बारा घरं फिरायची, घामाने निथळायचं आणि प्रत्येक घरी थंड पेयाचा ग्लास पुढे येतो. दुसऱ्या रात्रीचे ग्लास त्यांनी बोटांवर मोजले तर सात झाले.

वहिनी औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेल्यावर आवाज खाली करून म्हणाले, "आणखी एक आहे." ज्या मित्राचा गणपती दीड दिवसाचा होता, त्याच्याकडे विसर्जन झाल्यामुळे सोवळं संपलं होतं. आरत्या आटोपल्यावर परसात बसून दोघांनी बियर घेतली, भाईंनी तीन बाटल्या. दोन तासांनी अंगठा ठणकायला लागला.

ते वहिनींसमोर का बोलले नाहीत, हे मला कळतं. चरकसंहितेत वातरक्ताच्या, म्हणजे गाउटसारख्या आजाराच्या, नावांत 'आढ्यवात' असंही एक नाव येतं, म्हणजे सुखवस्तू माणसांचा वात. तो शिक्का अजून पुसलेला नाही. गाउट झाला की माणूस खाण्यापिण्याने बेताल असणार असं सगळे धरून चालतात, आणि रुग्णही शरमेने अर्धंच सांगतो. भाईंच्या वडिलांचाही पाय असाच सुजायचा. युरिक अ‍ॅसिडचा दोनतृतीयांश भाग मूत्रपिंडातून जातो आणि ते बाहेर टाकायची कुवत बरीचशी आनुवंशिक असते. बहुतेक रुग्णांत मुख्य दोष इथेच, बाहेर टाकण्यात असतो.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आता जुळत होतं. बियरमध्ये प्युरिनही (शरीरात ज्याचं युरिक अ‍ॅसिड बनतं तो घटक) असतं आणि अल्कोहोलही; अल्कोहोलने शरीरात युरिक अ‍ॅसिड जास्त तयार होतं आणि लघवीवाटे कमी जातं. थंड पेयांतली साखर अर्धी फ्रुक्टोज असते आणि यकृतात फ्रुक्टोज मोडताना युरिक अ‍ॅसिड तयार होतं. उपासात आणि पाण्याच्या कमतरतेतही ते रक्तात अडून राहतं. त्यात महिनाभर गोळी बंद आणि बीपीचं ते औषध चालू. मुगागाठींचा यात काही संबंध नव्हता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या आहाराची १२ वर्षं नोंद ठेवली होती. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट जास्त होता. डाळी, मटार, पालक यांचा संबंध दिसला नाही. कमी स्निग्धांशाचं दूध-दही घेणाऱ्यांत तो कमी होता. वहिनींना मी हे दोनदा सांगितलं. दोन वर्षं घरात डाळ बंद आणि बांगडे दोन्ही वेळा, असा उलटा कारभार चालला होता, आणि त्याला माझी ती छापील यादीही थोडी जबाबदार होती.

मिठागराचा हिशेब

भाईंना मला एक गोष्ट पटवायची होती, आणि त्यांचं गाव आगरवाड्याच्या बाजूला असल्याने ती सोपी गेली. मिठागरात खारं पाणी उन्हात आटत जातं. ठरावीक घट्टपणा येईपर्यंत काहीच दिसत नाही, आणि मग एका दुपारी मिठाचे कण धरतात. युरिक अ‍ॅसिडची ही रेषा साधारण ६.८ मिलिग्रॅमवर आहे. रक्तातलं प्रमाण त्याच्या वर राहिलं की सांध्यांत स्फटिक धरत जातात, आणि पायाचा अंगठा शरीरातल्या गार जागांपैकी एक, म्हणून तिथे आधी. सणातली बियर म्हणजे शेवटच्या दिवसाचं ऊन. आगर आधीच भरलेलं नसेल तर एका दिवसाच्या उन्हाने मीठ पडत नाही.

"मग मी कडक पथ्य केलं तर?" त्यांनी विचारलं. मी कागदावर लिहून दाखवलं: अगदी काटेकोर पथ्याने युरिक अ‍ॅसिड फार तर १ मिलिग्रॅमने उतरतं. ९.१ मधून १ गेला तरी ८.१ उरतो, म्हणजे रेषेच्या वरच. मूळ आजार औषधानेच आवरायचा आहे आणि आपल्याला ६च्या खाली, कानावर गाठ आहे म्हणून शक्यतो ५च्या खाली जायचं आहे. लॅबच्या कागदावरची ७.२ ही मर्यादा निरोगी माणसांची, गाउट झालेल्याची नव्हे.

उपचार

झटक्यासाठी कोलचिसिन १ मिलिग्रॅम आणि तासाभराने ०.५, दुसऱ्या दिवसापासून दोन वेळा ०.५. बारा तासांच्या आत घेतलं तर ते उत्तम लागू पडतं. भाई साडेसात तासांत आले होते. डोस वाढवून आराम वाढत नाही, जुलाब वाढतात, आणि मूत्रपिंड नाजूक असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं औषध चालू असेल तर कोलचिसिन विषारी ठरू शकतं. म्हणून शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी घेऊ नये. नेहमीची वेदनाशामकं बीपी आणि क्रिएटिनिन पाहता मी टाळली. कोलचिसिन पुरलं नसतं तर थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं असतं. तशी वेळ आली नाही. ११ तारखेच्या विसर्जनाला भाई ओसरीवर खुर्चीत बसून राहिले. घुमट पुतण्याने वाजवलं.

बीपीची गोळी बदलली. लोसार्टन घेतलं, जे युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतंही, आणि जोडीला अ‍ॅम्लोडिपिन. ३० सप्टेंबरला अ‍ॅलोप्युरिनॉल पुन्हा १००ने सुरू केलं आणि सहा महिने रोज एक कोलचिसिन. एक ताकीद ठळक अक्षरांत लिहून दिली: पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ आलं, तोंड आलं किंवा ताप आला, तर गोळी तिथल्या तिथे थांबवून लगेच यायचं. ही प्रतिक्रिया विरळ असते, पण जिवावर बेतू शकते. हळूहळू डोस वाढवण्याचं तेही एक कारण.

दिवाळीचा फोन

ऑक्टोबरअखेर आकडा ८.२. गोळी २००. नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती. भाईंनी फोव (पोहे) खाल्ले, दारू नाही, थंड पेय नाही. आणि २ नोव्हेंबरला घोटा दुखायला लागला.

फोनवर ते चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. "डॉक्टर, सगळं सांभाळलं, गोळी रोज घेतो, तरी दुखतं. मग गोळीचा उपयोग काय? बंद करतो."

या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण मला हाच वाटतो. कित्येक रुग्ण इथेच गोळी सोडतात आणि पुन्हा कधी घेत नाहीत. युरिक अ‍ॅसिड उतरायला लागलं की सांध्यात बसलेले स्फटिक सुटायला लागतात आणि सुटताना सूज आणतात. पहिला पाऊस पडला की आगरातलं उरलंसुरलं मीठ विरघळतं, पण आधी सगळं ढवळून निघतं. मी त्यांना म्हटलं, "भाई, हे गोळी लागू पडल्याचंच लक्षण आहे. अ‍ॅलोप्युरिनॉल एक दिवसही चुकवू नका. कोलचिसिन तीन दिवस दोन वेळा घ्या आणि मला रोज फोन करा." त्यांनी तसं केलं. घोटा चौथ्या दिवशी शांत झाला. असं होऊ शकतं हे मी सप्टेंबरमध्येच बजावून ठेवायला हवं होतं. आता सुरुवातीच्या भेटीतच सांगते.

नोव्हेंबरअखेर ७.०, गोळी ३००. जानेवारीत ६.०, गोळी ४००. फेब्रुवारीत ५.१. नाताळ आणि नवं वर्ष काही न होता गेलं. त्या सहा महिन्यांत दारू पूर्ण बंद ठेवायची, एवढं त्यांनी कबूल केलं होतं आणि पाळलंही.

उर्राक, सुकी सुंगटां आणि बाकीचं वर्ष

गोव्यात सण म्हणजे फक्त चतुर्थी नव्हे. भाईंच्या पायाला त्रास देणारे दिवस आम्ही कालनिर्णयावर खुणा करत शोधले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूचा मोसम आणि उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, येतो, त्यात कार्निव्हल आणि शिगमो. उर्राक फेणीपेक्षा सौम्य, त्यामुळे ग्लासांवर ग्लास जातात, आणि ती प्यायची रीत म्हणजे लिंबाच्या गोड सोड्यात, वर मीठ आणि चिरलेली मिरची. अल्कोहोल आणि साखर एकाच ग्लासात. २०२१चा पहिला झटका याच मोसमातला होता. "बियर वाईट, पण फेणी औषधी, ती चालते" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. बियरमध्ये प्युरिन जास्त, हे खरं. म्हणून फेणी निर्दोष ठरत नाही, अल्कोहोल तेच. सहा महिन्यांनंतर मी भाईंना संपूर्ण बंदी घातली नाही. एखादाच ग्लास, गोड सोड्याऐवजी साध्या सोड्यात, भरल्या पोटी, तेवढंच पाणी पिऊन, लागोपाठ दोन दिवस नाही. काही डॉक्टरांना हे सैल वाटेल. पण अशक्य अट घातली की रुग्ण दारूबरोबर दवाखानाही सोडतो, हे मी पाहिलेलं आहे.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, आणि घरोघर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी सुंगटां (कोळंबी), सुके बांगडे निघतात. सुकवताना पाणी गेल्याने त्यात प्युरिन एकवटलेलं असतं. ओल्या माशांतही तारली, बांगडे, तिसऱ्या, शिणाण्यांसारख्या शिंपल्यांत ते जास्त. भाईंच्या ताटातलं नुस्तं मी बंद केलं नाही. एक वेळ हुमण (माशाची आमटी), एक तुकडा, दुसऱ्या वेळी डाळ-भाजी, आणि रोज ताक. नाताळच्या सोरपोतेलात डुकराची काळीज-यकृत पडतात, ते तर गाउटच्या माणसाने चवीपुरतंच घ्यावं. भाई ते खातच नाहीत, पण म्हापशाकडच्या माझ्या दोन रुग्णांना हे सांगावं लागतं.

वजन दहा महिन्यांत ८४वरून ७९. उपाशी राहून झटपट उतरवू नका, एवढाच माझा आग्रह होता, कारण उपासाने झटका येतो हे आम्ही पाहिलं होतं.

चतुर्थी २०२५

२७ ऑगस्टला चतुर्थी. ५ ऑगस्टला मी भाईंना बोलावलं: युरिक अ‍ॅसिड ४.८, क्रिएटिनिन १.२, बीपी १३२/८४. श्रावणातही गोळी चालूच होती. वहिनींनी ती देवघरातल्या तेलाच्या बाटलीशेजारी ठेवली होती, कारण सकाळी दिवा लावायला त्यांचा हात तिथे जातोच. खिशात कोलचिसिनच्या तीन गोळ्या, पहिली टोचणी जाणवताच दोन आणि तासाभराने एक घ्यायची, सकाळची वाट बघायची नाही. माटोळीच्या दिवशी दुपारचं जेवण चुकवायचं नाही. आरत्यांना पुतण्याने पाण्याची बाटली बरोबर ठेवायची आणि थंड पेयाच्या जागी सोलांचं सरबत कमी साखरेचं किंवा नुसतं पाणी मागायचं. वाड्यावरच्या बायकांना हे वहिनींनीच आधी सांगून ठेवलं. बियरचं काय, हे त्यांनी माझ्यासमोर भाईंना सरळ विचारलं. भाई म्हणाले, "चतुर्थी झाल्यावर बघू."

डाळीबद्दल आता कोणी बोलत नव्हतं. मुगागाठी पहिल्याच दिवशी झाल्या.

पाच दिवसांचं विसर्जन ३१ ऑगस्टला झालं. दोन दिवसांनी भाई दवाखान्यात चालत आले, चप्पल घालून. तळहातांना घुमटाचे घट्टे पडले होते. मी पाय पाहिला, मग कानाची कड बोटाने चाचपली. दाणा मोहरीएवढा उरला होता. गोळी ४००च चालू ठेवली आणि पुढची रक्ततपासणी दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची लिहून दिली.